म्युनिकच्या मोटार प्रदर्शनाहून आबांना पत्र

म्युनिक,
१५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

येथील मोटारींचे प्रदर्शन पाहून सविस्तर लिहावे, आणि विजेच्या गाड्या आल्यावर उद्यमबागेतील आपल्या कारखान्यातल्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, कामाचे काय होईल तेही कळवावे, असे आपण फोनवर सांगितले होते. काल रविवारी, शेवटच्या दिवशी, आम्ही उभयता जाऊन आलो. पूर्वी हे प्रदर्शन फ्रँकफुर्टला भरत असे. २०२१ पासून ते म्युनिकला आले आणि त्याचा एक भाग शहराच्या मधोमध, चौकाचौकांत, विनातिकीट मांडला जाऊ लागला. साहजिकच बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीची आठवण व्हावी एवढी गर्दी होती.

बीएमडब्ल्यूची नवी विजेवरची आयएक्स३ एका चार्जमध्ये ८०५ किलोमीटरपर्यंत धावते असे कंपनी सांगते, म्हणजे बेळगावहून पुण्याला जाऊन परत आले तरी, निदान कागदावर, बॅटरी उरलीच पाहिजे. मर्सिडीजच्या नव्या जीएलसी गाडीत चालकासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ३९.१ इंची स्क्रीन आहे. मला तो नुसता भपका वाटला. आपल्या सूनबाईंनी मात्र तेथील माणसाला थेट विचारले, की बॅटरी गाडीच्या पोटाशी असते, तर पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आपटल्यावर काय होईल? खालून भक्कम संरक्षक पत्रा असतो, असे तो म्हणाला. त्याने जांबोटीचा रस्ता पाहिलेला नाही, हे उघडच आहे.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. एका दालनात विजेची मोटर कापून, उघडी करून ठेवली होती. क्रँकशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही, पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. तांब्याच्या तारांचे घट्ट वेटोळे, मध्ये फिरणारा रोटर आणि वेग उतरवणारे मोजके गिअर, एवढाच कारभार. परंतु या सगळ्याला धरून ठेवणारे घर अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाचे होते. बाहेरून थंडाव्यासाठी बारीक उभ्या पट्ट्या आणि आत बेअरिंग बसते तेथे आरशासारखे फिनिशिंग, ते पाहताना सूनबाई हसून म्हणाल्या, "हे आबांनी पाहिले असते तर आधी खिशातून मायक्रोमीटर काढला असता." ब्रेकची डिस्कही बहुतेक गाड्यांत अजून बिडाचीच आहे.

२०३५ पासून धूर सोडणारी नवी मोटार विकता येऊ नये, असा नियम युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. तो सैल करावा म्हणून कारखानदार मागे लागले आहेत. तेव्हा उद्यमबागेतील क्रँकशाफ्टचे काम उद्याच थांबेल असे मला वाटत नाही, आणि ट्रॅक्टरची व पंपाच्या इंजिनांची मागणी तर आणखी बरीच वर्षे राहील. तरीही दिवाळीनंतर संगणकावर चालणारे नवे सीएनसी यंत्र घ्यायचे आपल्या मनात आहे, ते केवळ शाफ्टपुरते न घेता मोटरची अ‍ॅल्युमिनियमची घरेही ज्यावर करता येतील असेच पाहावे, ही विनंती. दरपत्रके आली की मला पाठवावीत.

सौ. आईस साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
धाकटा