"तिथे काही उरलंच नाही" म्हणून रद्द केलेली सेंट मार्टिनची सहल

सांगली, दि. १७ मार्च २०१८

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : फेब्रुवारी २०१८ च्या अमेरिका-कॅरिबियन क्रूझ सहलीत सेंट मार्टिन बेटावरची शोअर एक्सकर्शन (जहाजावरून उतरून बेट बघण्याची सहल) रद्द करणे, तिचे पैसे परत न देणे आणि त्यावर तुमच्या कार्यालयाने दिलेली उत्तरे.

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवा विभागाशी माझं चौथं बोलणं झालं. पाचवा फोन मी करणार नाही. सहलीचा कार्यक्रम तुम्हीच छापलाय, तो तुम्हाला पुन्हा सांगत बसत नाही. थेट सेंट मार्टिनच्या दिवसावर येते.

३६ वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं, ताशी २९५ किलोमीटर वेगाचे वारे होते, पाचव्या श्रेणीचं वादळ होतं, हे मी तेव्हाच पेपरात वाचलं होतं. ती बातमी लक्षात राहण्याचं कारण सोपं आहे. नकाशात आपलं महाबळेश्वर ज्या अक्षवृत्तावर आहे, जवळजवळ त्याच अक्षवृत्तावर पश्चिमेला जात राहिलं तर हे बेट लागतं. उणंपुरं ८७ चौरस किलोमीटरचं, उत्तरेकडे फ्रेंच आणि दक्षिणेकडे डच. १६४८ च्या तहाने दोघांनी ते वाटून घेतलं आणि आजही मधल्या सीमेवर कोणी अडवत नाही. मुलांना हे बेट शिकवताना मला फार आवडायचं. सहल निवडली ती त्या एका बेटासाठी, हे मी बुकिंगच्या वेळीही तुमच्या माणसाला सांगितलं होतं.

म्हणूनच नोव्हेंबरमध्ये शेवटचा हप्ता भरण्याआधी मी फोन करून विचारलं. इर्मानंतर तिथे काय स्थिती आहे? बंदर सुरू झालंय का? ओरिएंट बे दाखवणार म्हणता, तो किनारा शिल्लक आहे का? तुमच्या मुलीने सांगितलं, "काकू, सगळं पूर्ववत झालंय, निश्चिंत राहा." मी लेखी मागितलं, तर दुसऱ्या दिवशी ई-मेल आला की कार्यक्रम माहितीपत्रकाप्रमाणेच होईल. तो ई-मेल माझ्याकडे आहे. त्याच्या भरवशावर मी माझे आणि माझ्या नणंदेचे पैसे भरले. त्यात सेंट मार्टिनच्या शोअर एक्सकर्शनचे माणशी ९५ डॉलर, म्हणजे तुमच्या पावतीप्रमाणे ६,२०० रुपये, वेगळे दाखवलेत. आमच्या गटात ३२ माणसं होती. एक लाख ९८ हजार ४०० रुपये होतात.

जहाज बेटाला लागलं त्या सकाळी नाश्त्याच्या वेळी तुमच्या टूर लीडरने सगळ्यांना एकत्र केलं आणि सांगितलं की आजची सहल रद्द आहे, पुण्याहून निरोप आलाय. वादळामुळे तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, सगळ्यांनी जहाजावरच आराम करावा, दुपारी अंताक्षरी ठेवू. त्या मुलाचा दोष नाही. सांगताना त्याची मान खाली होती, आणि पैशांचं काय असं विचारल्यावर "ऑफिस बघेल" यापलीकडे त्याला काही ठाऊकच नव्हतं. बहुतेक मंडळी थांबली. "काही उरलेलं नाही" असं तुम्हीच सांगितल्यावर परक्या मुलखात कोण उतरेल?

आम्ही दोघी उतरलो. मी ६७ वर्षांची, नणंद ६३ ची.

धक्क्यावरून बाहेर आलो, तर तुमच्या कंपनीचं नाव लिहिलेला पुठ्ठा हातात धरून एक पन्नाशीचा गृहस्थ उभा होता. त्याच्यामागे दोन मिनीबस. एक त्याची, एक त्याच्या भावाची. सहल रद्द झाल्याचा निरोप त्याला त्या दिवशी पहाटे आला होता, तोही तुमच्या मधल्या एजंटकडून. तरी कोणी येईल म्हणून तो थांबला होता. त्याने मोबाइलवर तो निरोप दाखवला. त्यात एका ओळीशिवाय काही नव्हतं. भरपाईचा शब्द नाही, दिलगिरीचा नाही. दोन्ही बसमध्ये त्याने आदल्या दिवशी डिझेल भरून ठेवलं होतं. इर्मात त्याच्या घराचं छप्पर गेलं, वादळानंतर कित्येक आठवडे एकही क्रूझ आली नाही, आणि महिन्याभरात त्याला मिळालेलं सर्वांत मोठं काम आमचं होतं. तो माझ्याकडे काहीही मागत नव्हता. तुमच्या नावाचा पुठ्ठा त्याने घडी करून सीटखाली ठेवला आणि आम्हा दोघींना म्हणाला, बसा, मी दाखवतो.

संचालक साहेब, आता तुमच्या "काही उरलेलं नाही"बद्दल.

डच बाजूची राजधानी फिलिप्सबर्ग, तिथल्या फ्रंट स्ट्रीटवर दुकानं उघडी होती. सगळी नव्हती, मध्ये मध्ये फळ्या ठोकलेली दारं होती, पण रस्ता जिवंत होता. तिथली दागिन्यांची आणि इलेक्ट्रॉनिक्सची कितीतरी दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची आहेत. एका दुकानात आमच्या साड्या बघून काउंटरवरच्या माणसाने हिंदीत विचारलं, कुठून आलात? त्याचं आजोळ उल्हासनगरचं निघालं. वादळानंतर लुटालूट झाली, त्याच्या शेजारचं दुकान रिकामं केलं, हे त्याने शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, "जहाज़ तो आ रहे हैं, माताजी. बस लोग उतरते नहीं." हे वाक्य मी सांगलीपर्यंत बरोबर घेऊन आलेय आणि तुमच्यापर्यंत पोहोचवतेय, कारण लोकांना उतरू न देणारे तुम्ही आहात.

पुढे सिम्पसन बेचं लगून, म्हणजे खाऱ्या पाण्याचं सरोवर. पाण्यातून नुसत्या डोलकाठ्या वर आलेल्या, काठावर आडव्या पडलेल्या यॉट्स. विमानतळाची इमारत बंद, प्रवासी तंबूंत बसलेले, पण विमानं उतरत होती. विमानतळालगतच्या माहो किनाऱ्यावर ती आजही डोक्यावरून जातात, तुमच्या माहितीपत्रकातल्या फोटोसारखीच. फक्त शेजारच्या मोठ्या हॉटेलच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. फ्रेंच बाजूला मारिगो शहरात घरांवर निळ्या ताडपत्र्या होत्या आणि चुरगळलेल्या पत्र्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला रचलेले होते. आणि ओरिएंट बे. तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर रंगीत छत्र्यांची रांग आहे तो किनारा. छत्र्या नाहीत, खानावळी नाहीत, माडांची बुंध्यापासून मोडलेली खोडं. वाळू आणि समुद्र मात्र जागच्या जागी. दोन माणसं फावड्याने वाळूत गाडलेल्या फळ्या उकरून काढत होती.

टेकड्या मात्र हिरव्या होत्या. चालकाने सांगितलं की इर्माने झाडांची पानंन् पानं ओरबाडली होती, अख्खं बेट जळल्यासारखं तपकिरी झालं होतं, आणि काही आठवड्यांत पालवी फुटली. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. ३६ वर्षांत मी जे फळ्यावर खडूने काढलं, ते त्या चार तासांत बघितलं. उरलेले ३० जण त्या वेळी अंताक्षरी खेळत होते. त्यांनी पैसे भरले होते.

नुकसान झालेलं बेट दाखवलंत अशी माझी तक्रार नाही. मी नोव्हेंबरमध्ये विचारलं तेव्हाच "बरंच पडलंय, लोक उभारताहेत, तरी जाऊ या" असं म्हणाला असतात, तर मी दुप्पट आनंदाने आले असते. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात छातीएवढं चढलं होतं. चिखल काढून, भिंती धुऊन आम्ही दुकान उघडलं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने दोन वह्या आणि एक पेन घेतलं. त्याचं नाव मला आजही पाठ आहे. आणि "तिकडे आत्ता काही धड नसेल" म्हणून बाहेरच्या बाहेर जाणारेही माझ्या लक्षात आहेत. तुम्ही आम्हा ३२ जणांना त्या दुसऱ्या रांगेत उभं केलंत, आमच्याच पैशाने.

आता कालचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्या नावाने काय बोललं जातं ते तुम्हाला कळायला हवं.

१७ मिनिटं गाणं ऐकवल्यावर एका अधिकाऱ्याने फोन घेतला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, चौथ्यांदा. तो म्हणाला, "काकू, चक्रीवादळ म्हणजे नैसर्गिक आपत्ती. अटींमध्ये लिहिलंय, त्यात रिफंड नसतो."

मी म्हटलं, "वादळ सप्टेंबरात आलं. पैसे तुम्ही नोव्हेंबरात घेतलेत. आपत्ती येऊन गेल्यावर घेतलेल्या पैशांना ही अट कशी लागते?"

तो जरा थांबला. मग म्हणाला, "पण तिथे तसंही बघण्यासारखं काही नव्हतंच ना? मग तुमचं नुकसान काय झालं?"

मी म्हटलं, "बघण्यासारखं होतं. मी स्वतः उतरून, टॅक्सीचे पैसे देऊन, चार तास बेट बघून आलेय."

त्यावर त्याने जे उत्तर दिलं ते मी फोन ठेवल्याबरोबर कागदावर उतरवलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही बेट बघितलंत ना? मग तर तुमची सहल झालीच की! मग रिफंड कसला मागताय?"

उतरले नाहीत त्यांना पैसे नाहीत, कारण तिथे काही नव्हतं. उतरले त्यांना पैसे नाहीत, कारण त्यांनी ते बघितलं. मला क्षणभर बोलता येईना. नणंद शेजारी बसली होती, तिने विचारलं, काय झालं वहिनी? मी त्याला फक्त एवढंच म्हटलं, "आणि त्या बसवाल्याला तुम्ही काय दिलंत?" तो म्हणाला, "तो व्हेंडरचा विषय आहे काकू, तुम्ही कशाला त्यात पडता?" आणि लगेच, जणू माझ्यावर उपकार करतोय अशा आवाजात, पुढच्या कुठल्याही सहलीवर २,००० रुपयांच्या सवलतीचं कूपन देऊ केलं. जूनअखेरपर्यंत वापरायचं.

मी यात पडते, कारण तो माणूस तुमचं नाव हातात धरून उभा होता. आम्ही तिथे पोहोचेपर्यंत त्या बेटावर तुमची ओळख म्हणजे तो पुठ्ठा होता. त्याच्या हिश्शाचे पैसे आम्ही तुम्हाला तीन महिने आधी दिले होते. ते ना त्याला मिळाले, ना आम्हाला परत आले. मग ते आहेत कुठे? चार फोनमध्ये या एका प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही.

आज सकाळच्या पेपरात उद्याच्या पाडव्यानिमित्त तुमची पानभर जाहिरात आली आहे. त्यात पुन्हा ओरिएंट बेच्या त्याच छत्र्या आहेत. मी स्वतः तिथे उभी राहून आलेय, महोदय. त्या छत्र्या तिथे नाहीत. पुढच्या गटालाही तुम्ही असंच "पूर्ववत" सांगून नेणार आणि असंच जहाजावर बसवणार का? मी आधी विचारलं होतं. लेखी विचारलं होतं. तरी माझ्याशी असं वागलात, तर न विचारणाऱ्यांशी कसं वागत असाल?

तुमच्याबरोबर ही माझी तिसरी सहल होती. काश्मीर आणि श्रीलंका या दोन्ही सहली चोख झाल्या होत्या. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळात तुमचं नाव मीच सुचवत आले, माझ्या शब्दावर ११ जणांनी तुमच्याकडे बुकिंग केलंय. त्यांना मी आता काय सांगू? याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतंय.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. आमच्या गटातल्या ३२ जणांना शोअर एक्सकर्शनची पूर्ण रक्कम परत मिळावी, फक्त मला नव्हे. मी पत्र लिहिलं म्हणून गुपचूप माझ्या एकटीच्या खात्यात पैसे टाकू नका, ते मी घेणार नाही. त्या चालकाला आणि त्याच्या भावाला ठरलेली पूर्ण रक्कम तुमच्या एजंटमार्फत पोचती व्हावी आणि तिची पावती मला दाखवावी. जाहिरातीतला फोटो बदलावा आणि बेटाची आजची स्थिती जशी आहे तशी लिहावी. जशी आहे तशीही ती माणसाने बघायला जावी अशी आहे, हे मी तुम्हाला लेखी द्यायला तयार आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवस मी वाट बघेन. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक मंचात १९८६ च्या कायद्याखाली तक्रार दाखल होईल. तुमचा ई-मेल, पावती, माहितीपत्रक आणि उद्याच्या पाडव्याची जाहिरात, सगळं फाइलला लावलेलं आहे. सहप्रवाशांपैकी नऊ जणांनी सह्या द्यायचं कबूल केलंय. मी निवृत्त आहे, तारखांना हजर राहायला मला वेळ आहे.

रकमांचा क्रम लावायचाच झाला, तर आधी त्या दोघा भावांचे द्या.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता आणि बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत.)

ता. क. : तुमचं २,००० रुपयांचं कूपन काल संध्याकाळी मोबाइलवर आलं. मी ते स्वीकारलेलं नाही, याची नोंद घ्यावी.