सही करण्याआधी कोथरूडचं सांग

हॅरो, रविवार रात्र

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू इतका खुशीत होतास की मला मध्ये बोलवेना. रेडिंगचा फ्लॅट, 2,80,000 पौंडांची ऑफर मान्य झाली, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि तुझं एक वाक्य डोक्यात अडकून बसलं: "आम्ही दोघंही पहिल्यांदाच घर घेतोय, त्यामुळे स्टॅम्प ड्यूटी शून्य." तुझ्या बाबतीत ते खरं नाही रे. आणि ते तुला आजवर ठाऊक नाही, याला जबाबदार मी आहे.

2021 मध्ये आजी गेली. मृत्युपत्रात तिने कोथरूडचा फ्लॅट अर्धा मला आणि अर्धा तुला दिला, दहावीपर्यंत तू तिच्याजवळ वाढलास म्हणून. सोसायटीच्या कागदांवर तुझी सही मी इथे जेवणाच्या टेबलावर घेतली. तू एका हातात टोस्ट धरून उभा होतास. "कसले कागद?" विचारलंस, तर मी म्हटलं, "काही नाही, आजीच्या घराचं आहे." तू तिथल्या तिथे सही केलीस आणि आपण ते विसरून गेलो. तेव्हा तुला समोर बसवून सांगायला हवं होतं.

इंग्लंडमध्ये 'पहिलं घर' म्हणजे नुसतं इंग्लंडमधलं पहिलं नव्हे. जगात कुठेही, कधीही, वारसाहक्काने का होईना, घराचा हिस्सा तुझ्या मालकीचा झाला असेल तर 3,00,000 पौंडांपर्यंतची ती माफी तुला मिळत नाही. दोघं मिळून घेणाऱ्यांपैकी एकाचं पहिलं घर नसेल, तर माफी दोघांचीही जाते. शिवाय ताबा घेण्याच्या दिवशी नावावर दुसरं घर असेल आणि त्यातला हिस्सा 40,000 पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल, तर सगळ्या किमतीवर 5 टक्के जादा ड्यूटी लागते. वारशाने आलेल्या अर्ध्या किंवा त्याहून कमी हिश्श्याला तीन वर्षं सूट असते, पण आपली ती मुदत 2024 मध्येच संपली. तुझा हिस्सा आजच्या भावाने साठ लाखांच्या घरात जातो, म्हणजे 40,000 पौंडांच्या वरच.

मी कागदावर मांडून पाहिलं. साधी ड्यूटी 4,000 पौंड, वरचे 5 टक्के म्हणजे 14,000. शून्याच्या जागी 18,000 पौंड.

म्हणून आधी तुझ्याबरोबर घर घेणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला सांग. उद्याच सांग. ती खरोखर आयुष्यातलं पहिलं घर घेते आहे आणि आपल्या कोथरूडमुळे तिची माफी जाणार आहे. हे तिला सॉलिसिटरच्या, म्हणजे घराचं कागदकाम करणाऱ्या वकिलाच्या, ईमेलमधून कळलेलं मला सहन होणार नाही.

मग सॉलिसिटरला सांग. आपल्याच ओळखीत "भारतातलं इथे कोणाला कळतंय" म्हणणारे भेटतील. त्यांचं अजिबात ऐकू नकोस. ताबा मिळाल्यापासून 14 दिवसांत ड्यूटीचं विवरणपत्र जातं. सॉलिसिटर ते तुझ्या शब्दावर भरतो, पण जबाबदारी तुझीच असते. आजीने विश्वासाने दिलेल्या घरापायी तू खोटं लिहिलेलं मला नको आहे. लाइफटाइम आयसात (सरकार भर घालतं त्या बचत खात्यात) साठवलेल्या पैशांबद्दलही त्याला विचार, कारण तिथेही पहिल्या घराची अट अशीच आहे आणि अटीबाहेर पैसे काढले तर 25 टक्के कापून घेतात. सरकारने घातलेली भर तर जातेच, आपल्या खिशातलेही थोडे जातात.

एक वाट आहे. ताबा घेण्याआधी कोथरूडचा तुझा हिस्सा माझ्या नावावर झाला, तर 5 टक्क्यांचे 14,000 वाचतात. पहिल्या घराची माफी मात्र परत येत नाही, ते 4,000 भरावेच लागतील. हक्कसोड पत्र करायचं की बक्षीसपत्र, ते पुण्यातल्या वकिलांना विचारते. पण तुझी खरी इच्छा असेल तरच. ते घर तुझं बालपण आहे, माझ्या भिडेखातर सोडू नकोस.

तुझी अजून कसलीच बांधिलकी झालेली नाही, तेवढं बरं आहे. इथे ऑफर मान्य होणं म्हणजे नुसती तोंडची बोली, जमिनीचा करार लेखी असल्याशिवाय कायद्याला दिसत नाही. विकणारा उद्या दुसऱ्याकडून जास्त पैसे घेऊन मोकळा होऊ शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. एकदा एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, झाली आणि 10 टक्के डिपॉझिट भरलं की माघार घेणं महागात पडतं. तेव्हा घाई एजंटला असू दे, तू करू नकोस.

आता लीजबद्दल, म्हणजे जमीनमालकाकडून फ्लॅट जितक्या वर्षांसाठी मिळतो त्या कराराबद्दल. ते 1986 पासून 125 वर्षांचं आहे म्हणालास, म्हणजे 85-86 उरली. ऐकायला पुष्कळ वाटतात. आमचा हॅरोचा पहिला फ्लॅट 99 वर्षांचा होता, 1972 पासूनचा. विकायला काढला तेव्हा 68 उरली होती. दोन गिऱ्हाइकं आली, दोघांनाही त्यांच्या कर्जवाल्यांनी नकार दिला. लीज 80 वर्षांच्या खाली गेलं की ते वाढवण्यासाठी जमीनमालकाला त्यामुळे फ्लॅटच्या वाढणाऱ्या किमतीतला अर्धा वाटाही द्यावा लागतो, हे घेताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. 2003 आणि 2004 च्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला आलो नाही, आठवतं? तुला वाटलं बाबांना रजा मिळाली नाही. विमानाचे पैसे त्या लीजमध्ये गेले होते. तू नऊ-दहा वर्षांचा होतास आणि आजी फोनवर सांगायची, पोर गॅलरीत जाऊन बसतं.

तो वाटा रद्द करणारा कायदा 2024 मध्ये झाला, पण ते कलम अजून लागू झालेलं नाही, त्याच्या भरवशावर राहू नकोस. लीज वाढवण्यासाठी घर घेतल्यावर दोन वर्षं थांबायची जुनी अट मात्र जानेवारी 2025 अखेर गेली. लीज 80 च्या खाली जायला तुमच्या हातात पाच-सहा वर्षं आहेत. भुईभाडं किती आणि कधी वाढतं, छताच्या मोठ्या दुरुस्तीची नोटीस निघालेली आहे का, हे लेखी मागून घे.

तुमचं लग्न झालेलं नाही, आणि तिच्या बाबांचे पैसे तुझ्यापेक्षा जास्त लागणार आहेत. कितीही वर्षं एकत्र राहिलात तरी लग्नाशिवाय इथे नवरा-बायकोचे हक्क येत नाहीत. दोघांची नावं नुसतीच एकत्र लावली तर एकाच्या पश्चात सगळं आपोआप दुसऱ्याचं होतं. वेगवेगळे हिस्से धरून घ्या आणि कोणी किती घातले याचं ट्रस्टचं घोषणापत्र करून ठेवा. प्रेम कमी आहे म्हणून नव्हे, तिच्या बाबांनी घाम गाळून साठवलेलं आहे म्हणून.

ते 4,000 पौंड मी आणि बाबा देणार आहोत. नाही म्हणू नकोस. उसने नाहीत, भेट आहे, असं पत्र आणि बँकेची स्टेटमेंटं सॉलिसिटर मागेल, ती मी काढून ठेवली आहेत. मृत्युपत्राची प्रत आणि कोथरूडच्या सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट उद्या सकाळी स्कॅन करून पाठवते. तिच्याशी बोलून झालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी मी जागी आहे.

तुझी,
आई