निवाऱ्याची चौकशी एकाच ठिकाणी व्हावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरभाडे थकले, घरच्यांनी बाहेर काढले किंवा गावाहून आणलेल्या रुग्णाचे उपचार लांबले, की मुंबईत माणूस एका दिवसात उघड्यावर येतो आणि पहिली चौकशी कुठे करायची हेच त्याला समजत नाही. सोयी नाहीत असे नाही. बेघरांसाठी महापालिकेची निवारा केंद्रे आहेत, पण निराधार अनुदानाचा अर्ज तहसीलदार कार्यालयात द्यावा लागतो, झोपडीच्या बदल्यात घर मिळण्याच्या पात्रतेसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण गाठावे लागते, संक्रमण शिबिराचे, म्हणजे धोकादायक इमारत रिकामी केल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या घराचे, काम म्हाडाकडे असते आणि घर खाली करण्याची नोटीस आली तर मोफत वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरते उत्तर देते, त्यामुळे काम कोणत्या खात्याचे हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाचाच निभाव लागतो.

मी परळला राहतो. येथील पदपथांवर कर्करुग्णांचे नातेवाईक चटया टाकून राहतात, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आहोत. जवळच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. पण जागा अपुऱ्या असल्याने सर्वांची सोय होत नाही, आणि नकार मिळाल्यावर दुसरीकडे कुठे विचारावे हे सांगायला कोणी नसते. लातूर-नांदेडहून आलेल्या, हातात फायलींची पिशवी असलेल्या माणसाने हे शहर स्वतःच शोधून काढावे, ही अपेक्षा मला निर्दय वाटते.

शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, तेही बारमाही आणि चोवीस तास उघडे निवारा केंद्र असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे त्या हिशेबानेही सव्वाशेच्या आसपास केंद्रे हवीत. तेवढी आज नाहीत, आणि ती वाढवावीच लागतील. मात्र आहेत त्या केंद्रांचे पत्ते तरी दादर, कुर्ला टर्मिनस, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथे व मोठ्या रुग्णालयांच्या बाहेर मराठी-हिंदीत ठळक लावायला कशाची अडचण आहे? त्याच फलकावर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे क्रमांक द्यावेत.

माझी महापालिका आयुक्तांना विनंती आहे की, प्रत्येक विभाग कार्यालयातील नागरी सुविधा केंद्रात एक प्रशिक्षित समाजसेवक बसवावा. त्याने केवळ पत्ता सांगून माणसाला पुढे धाडू नये, तर संबंधित ठिकाणी स्वतः फोन करून जागा आहे की नाही याची खात्री करावी आणि तशी चिठ्ठी द्यावी. निवारा केंद्रांतील रिकाम्या जागांची रोजची नोंद महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर रात्रीही मिळावी, कारण छप्पर गेलेला माणूस कार्यालय उघडेपर्यंत थांबू शकत नाही.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई