सर्किट चाललं तर काय केलं तेही सांगा

महोदय,

स.न.वि.वि. छंदांबद्दल पेपरात बरंच येतं, बागकाम, फोटोग्राफी, ट्रेकिंग वगैरे, पण घरी टेबलाच्या कोपऱ्यात ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पाटी) मांडून रात्री उशिरापर्यंत सर्किट जुळवत बसणाऱ्यांबद्दल क्वचितच वाचायला मिळतं आणि हे लोक एकमेकांना किती मदत करतात त्याबद्दल तर जवळजवळ नाहीच, म्हणून लिहितोय.

मी मागे टाकी भरली की मोटर बंद करणारं सर्किट करत होतो. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), पाण्याची पातळी ओळखणारा एक लेव्हल सेन्सर, एक ट्रान्झिस्टर (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि सुटा रिले, म्हणजे आतल्या कॉईलच्या चुंबकाने चालणारा स्विच. पाच व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉईल साधारण ७० मिलीअँपिअर खाते आणि आर्डुइनो उनोच्या पिनची कमाल मर्यादाच ४०, त्यामुळे मधे ट्रान्झिस्टर लागतो एवढं मला माहीत होतं. पण रिले ऑफ झाला की चार-पाच वेळातून एकदा बोर्ड रीसेट व्हायचा आणि मी आठवडाभर प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसलो. शेवटी एका अनुभवी हौशी माणसाला वायरिंगचा फोटो पाठवला तर ते म्हणाले फोटो नको, कागदावर काढून पाठव. मी काढायला बसलो आणि काढतानाच दिसलं की कॉईलवर डायोडच (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाहीये! कॉईलचा करंट अचानक तुटला की तिच्यात साठलेली ऊर्जा उलट्या व्होल्टेजचा मोठा झटका देते, तो ट्रान्झिस्टर पण मारू शकतो. ४००७ नंबरचा एक डायोड, त्यावरचा पट्टा प्लसकडे करून कॉईलच्या दोन टोकांमध्ये लावला आणि प्रश्न मिटला. त्यांनी उत्तर सांगितलंच नव्हतं, फक्त मला नीट बघायला लावलं, आणि मला वाटतं खरी मदत हीच.

नाहीतर बरेचदा काय होतं, कोणी विचारलं एलईडीला रेझिस्टर कुठला लावू तर लगेच उत्तर, २२० ओहम लाव. उत्तर बरोबरच आहे. पण त्यापेक्षा दोन मिनिटं घालवून सांगावं की सप्लाय पाच व्होल्ट, लाल एलईडीवर दोनेक व्होल्ट पडतात, उरले तीन, करंट १५ मिलीअँपिअर हवा तर भागाकार करून २०० ओहम येतात, त्याच्या जवळचा मिळणारा २२०. मग पुढच्या वेळी तीन व्होल्टचा निळा एलईडी आला की तो स्वतःच १३३ काढून १५० चा लावेल, विचारायला येणार नाही.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. नवख्या माणसाला घरच्या २३० व्होल्टवर चालणारा पॉवर सप्लाय उघडून चाचपायला फोनवरून सांगू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर (चार्ज साठवणारा भाग) सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ राहू शकतो, आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या स्वस्त सर्किटमध्ये तर लो व्होल्टेजची बाजूसुद्धा थेट मेन्सला जोडलेली असते. अशा वेळी सरळ सांगावं की तयार अ‍ॅडॅप्टर घे आणि पाच-बारा व्होल्टवर शीक. यात त्याचा कमीपणा नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. मदत मागणारे सर्किट चाललं की गायब होतात, आणि नेमकं काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही. ५५५ टायमरचं बघा, ठरावीक वेळाने चालू-बंद करणारी ती छोटी चिप. हॅन्स कॅमेन्झिंड यांनी डिझाइन केलेला हा आयसी १९७२ मध्ये बाजारात आला आणि आजही नवशिक्या त्यावरच एलईडी लुकलुकवतो, पाच नंबरच्या पायापासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं. का, तर इतक्या वर्षांत लोकांनी आपण काय लावलं, काय बिघडलं, कशाने सुधारलं हे लिहून ठेवलं म्हणून. डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) असतेच, पण तुमच्यासारखीच चूक आधी केलेला माणूस काय म्हणतो ते वाचून जे समजतं ते तिच्यातून पटकन समजत नाही.

म्हणून सगळ्या छंदवाल्यांना विनंती आहे की विचारताना कागदावरचं सर्किट आणि मल्टीमीटरची रीडिंग द्या (नुसतं ‘चालत नाही’ एवढ्यावर कोणी काय सांगणार), आणि सुटलं की दोन ओळी परत लिहा. गेल्या वर्षी एकाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधली घरघर आम्ही तिघं-चौघं मिळून शोधत होतो, ग्राउंड एकाच जागी आणून बघ, ट्रान्सफॉर्मर लांब सरकव, इनपुटला शील्ड वायर घाल असं बरंच सुचवलं, एके दिवशी त्याचा मेसेज आला ‘झालं, थँक्यू’ आणि बास. यातलं नेमकं काय लागू पडलं ते मला अजून माहीत नाही. तो हे वाचत असेल तर प्लीज कळव रे, माझ्याकडे तशीच घरघर करणारा एक अ‍ॅम्प्लिफायर उघडून ठेवलाय.

आपला,
एक छंदवाला वाचक