बेडूक झालेला राजा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर धाकटी सारखी "बेडूक, बेडूक" करत होती आणि तुम्हाला काही उलगडा होईना, म्हणून आज सविस्तर लिहिते. शनिवारी रात्री आम्ही चौघांनी 'श्रेक २' हा कार्टून सिनेमा पाहिला. २००४ साली तो आला तेव्हा मी कॉलेजात होते, मैत्रिणींबरोबर पाहिला होता आणि सगळा वेळ त्या बूटवाल्या बोक्यावर हसले होते. या वेळी मात्र माझी नजर राजावरून हलेना. बाबा, म्हणून हे पत्र मुख्यतः तुम्हालाच.

पहिल्या भागात दलदलीत राहणारा हिरवा राक्षस, श्रेक, मनोऱ्यात कोंडलेल्या फिओना राजकन्येला सोडवतो. शेवटी तीही त्याच्यासारखीच हिरवी होते आणि तशीच राहते. दुसऱ्या भागात दोघं मधुचंद्राहून परततात तोच तिच्या माहेरचं बोलावणं येतं. मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन आईवडिलांकडे जाते, एवढीच मूळ गोष्ट. जादू, पाठलाग, गाणी, बोलणारं गाढव हे सगळं तिच्याभोवती.

सगळं नगर स्वागताला उभं असतं. दोघं गाडीतून उतरतात आणि एवढी गर्दी एकदम गप्प होते. मग रात्रीचं जेवण. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला सासरा, दुसऱ्या टोकाला जावई. नातवंडं कशी होतील, ती कुठे वाढतील, यावरून शब्दाला शब्द लागतो आणि शेवटी सगळे एकमेकांची नुसती नावं घेऊन ओरडतात, त्यात गाढवही स्वतःचं नाव ओरडून घेतं. पोरं हसून लोळली. मी फिओनाकडे पाहत होते. ती उठून आपल्या जुन्या खोलीत जाते आणि रडते. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची, हेच तिला कळत नाही.

बाबा, आमचं लग्न झाल्यावर मी ह्यांना घेऊन पहिल्यांदा घरी आले तेव्हा तुम्ही पेपर खाली ठेवला नव्हता. पानही उलटलं नव्हतंत, म्हणजे वाचत नव्हता हे मला दिसत होतं. मी आत जाऊन आईच्या पलंगावर बसले होते. हे आजवर कधी बोलले नाही. आज बोलावंसं वाटलं, कारण त्या राजाचं पुढे काय होतं ते पाहून माझा तुमच्यावरचा तो जुना रुसवा पार गेला.

हा राजा जावयाला मारायची सुपारी देतो. तीच त्या बोक्याला. पण त्याच्यामागे एक दडपण आहे. फेअरी गॉडमदर, म्हणजे सिंड्रेलाला भोपळ्याचा रथ करून देणारी ती परी, इथे जादूच्या औषधांचा कारखाना चालवते आणि आपल्या मुलाचं, प्रिन्स चार्मिंगचं, फिओनाशी लग्न लावायचा तिचा हट्ट आहे. राजाचं एक जुनं गुपित तिच्या हातात आहे. राणी एकदा बोलता बोलता कमळांच्या तळ्याची, पहिल्या चुंबनाची आठवण काढते. पहिल्यांदा पाहताना हे कानावरून गेलं होतं. तो मुळात बेडूकच होता! जावई शोभत नाही म्हणून ज्याची मान खाली जात होती, त्याला स्वतःचंच खरं रूप लपवायचं होतं.

फिओनाला परक्याच्या प्रेमात पाडणारं औषध चहातून द्यायचं काम त्याच्यावर येतं. तो पेले बदलतो, लेकीला ते देत नाही. आणि शेवटी परी श्रेकवर जादू फेकते तेव्हा तोच मध्ये उडी घेतो. चिलखतावरून जादू उलटते, परीचे बुडबुडे होतात, आणि रिकाम्या चिलखतातून एक बेडूक बाहेर येतो. तो माफी मागतो आणि दोघांना आशीर्वाद देतो. राणी त्याला तसाच आपला म्हणते. मी रडले, बाबा. थोरल्याने दिवा लावून विचारलं, "आई, बरं वाटत नाहीये का?"

तुमच्या जावयांचं मत वेगळं. त्यांना मधला भाग गडबडीचा वाटला. दुसऱ्या सिनेमांच्या नकला इतक्या की पोरांना निम्म्या कळत नाहीत. ते मलाही पटलं. राणीला मात्र फारच थोडं काम आहे, हे मला खटकलं. आई, तिचा आवाज 'साउंड ऑफ म्युझिक'मधल्या ज्युली अँड्र्यूजचा आहे, तू ऐक. थोरल्याला अर्थातच बोका. टोपी छातीशी धरून डोळे मोठ्ठे करणारा तो क्षण त्याने चार वेळा मागे नेऊन पाहिला. बोक्याचा आवाज अंतोनियो बांदेरास या स्पॅनिश नटाचा, आणि स्पॅनिश भाषेतही त्यानेच दिलाय, हे थोरल्यानेच शोधून काढलं.

फिओनाचं शेवटचं वागणं मला फार आवडलं. जादूच्या औषधाने दोघंही त्या वेळी माणसाच्या देखण्या रूपात असतात. मध्यरात्रीच्या आत एक चुंबन घेतलं की ते रूप कायमचं. ती नको म्हणते. ज्याच्याशी लग्न केलं तोच तिला हवा असतो.

बाबा, तिसऱ्या दिवशी तुम्ही ह्यांना हाक मारून तुमचा जुना रेडिओ उघडायला बसवलंत. दोघं संध्याकाळपर्यंत जमिनीवर स्क्रू मांडून बसला होतात. मी दारातून पाहत होते, तुम्हाला माहीत नाही. रेडिओ लागला नाही, पण तुम्ही ह्यांना पहिल्यांदा नावाने हाक मारलीत.

धाकटीने काढलेलं चित्र सोबत पाठवते. बेडकाच्या डोक्यावरचा मुकुट त्याच्याहून मोठा झालाय. तिचा एक प्रश्न आहे, उत्तर आजोबांनीच द्यायचं म्हणते: राजाला आता रोज तळ्यात झोपावं लागेल, की राणी त्याला घरात ठेवेल? रविवारी फोनवर विचारणार आहे. तोवर सिनेमा पाहून ठेवा.

तुमची,
ताई