प्रबंधात आकडे आणि अनुभव यांची गाठ पडावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामाजिक शास्त्रांतील पीएच.डी.च्या आराखड्यांत ‘मिश्र संशोधन पद्धती’, म्हणजे आकडेवारी आणि मुलाखती एकत्र वापरण्याची पद्धत, हे शब्द आता सर्रास आढळतात. मात्र प्रबंध उघडला, की एका प्रकरणात प्रश्नावलीचे तक्ते व काय-वर्गासारख्या संख्याशास्त्रीय चाचण्या, पुढच्या प्रकरणात मुलाखतींतील उतारे, आणि या दोहोंचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही, असे पुष्कळदा दिसते. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचा पहिला मसुदाही असाच होता.

मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांचे काम हा माझा विषय. ‘तुम्ही काम करता का?’ या प्रश्नाला बऱ्याच जणींनी ‘नाही, घरीच असते’ असे उत्तर दिले आणि मी त्याची टक्केवारी काढून मोकळी झाले. पुढे त्यांतल्याच काही जणींशी ओट्यावर निवांत बोलत बसले तेव्हा कळले, की पहाटे म्हशीची धार काढण्यापासून स्वतःच्या रानातल्या कापूस वेचणीपर्यंत सारे त्याच करत होत्या. पण ज्याचा पैसा आपल्या हाती पडत नाही त्याला ‘काम’ म्हणायचे नाही, असा त्यांचा हिशेब होता. माझा तक्ता गणिताने बिनचूक होता, मोजले मात्र भलतेच गेले होते. मग प्रश्नावली नव्याने बांधली, ‘काल उठल्यापासून काय काय केले?’ असे विचारले, आणि ज्या घरांतील तास सरासरीहून फार वेगळे निघाले त्यांच्याकडे मुलाखतीसाठी पुन्हा गेले. या फेऱ्यांत माझे जवळपास एक वर्ष गेले. ते गेल्याचे दुःख नाही. परंतु कोणत्या टप्प्यावर कोणती पद्धत वापरायची आणि एकीचे निष्कर्ष दुसरीत कसे न्यायचे, हे कोर्सवर्कमध्ये, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या वर्गांत, कोणी शिकवले असते, तर ते वर्ष वाचले असते.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण विद्यार्थ्यांपुढे अवश्य ठेवावे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची पाहणी करून 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया 55 टक्के होत्या; तपासणीत रोग आढळला तो 92 टक्के स्त्रियांत, आणि पूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. केवळ तक्रारी नोंदवणारी प्रश्नावली 55 वरच थांबली असती. 55 आणि 92 यांच्यामधले अंतर किती, हे आकडा सांगतो. ते का पडले, कशाला दुखणे म्हणायचे आणि कशाला बाईच्या जातीचा भोग, हे त्या स्त्रियांच्या तोंडूनच ऐकावे लागते. मुलाखतीत कोणता प्रश्न विचारायचा हे इथे आकड्यानेच दाखवून दिले आहे, आणि मला ‘मिश्र’ या शब्दाचा हाच अर्थ अभिप्रेत आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीत किमान 12 श्रेयांकांचे कोर्सवर्क, संशोधन सल्लागार समिती आणि सहमार्गदर्शकाची मुभा अशी तिन्ही साधने उपलब्ध आहेत. संख्याशास्त्राचा एक तास आणि मुलाखत तंत्राचा एक तास, असे वेगवेगळे वर्ग घेऊन जोडकाम येत नाही. कोर्सवर्कमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका लहान विषयावर पाहणी व मुलाखती दोन्ही करून घ्याव्यात आणि दोहोंचे निष्कर्ष एकाच तक्त्यात शेजारी मांडून, जिथे ते जुळत नाहीत त्या जागेवर त्याला लिहायला लावावे. मार्गदर्शक एकाच पद्धतीत वाढलेले असतील (बहुतेकदा असतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही), तर दुसऱ्या पद्धतीचा जाणकार सल्लागार समितीत पहिल्या बैठकीपासून असावा. माहिती गोळा झाल्यावर त्याला बोलावून फारसा उपयोग होत नाही, कारण तोवर प्रश्नावली छापून, भरून झालेली असते.

राज्यातील विद्यापीठांनी पुढील प्रवेशफेरीपूर्वी याचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका, मराठवाडा