बगळ्याचे पाय कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी काढलेले पाणपक्ष्यांचे फोटो तुम्ही पुरवणीत छापता ते मी एकही न चुकवता बघतो, आवडतात म्हणूनच हे पत्र लिहितोय. पण एक गोष्ट सारखी खटकते. बगळ्याचा फोटो असला की बहुतेक वेळा पक्ष्याच्या जागी नुसता पांढरा डाग असतो, पिसं नाहीत, मानेची वळी नाही, तेवढा कागद कोरा राहिल्यासारखा दिसतो. छपाईला दोष देऊन उपयोग नाही, पिसं कॅमेऱ्यातच जळलेली असतात, म्हणजे जास्त उजेडाने त्यांचे बारकावे पुसले गेलेले असतात.

कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारा भाग, समोर जे काही असेल ते मधल्या राखाडीच्या हिशोबाने मोजतो. फ्रेमभर गडद पाणी आणि त्यात छोटासा पांढरा पक्षी असला की तो पाणी बघून एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) वाढवतो आणि बगळा जळतो. पाणकावळ्याचं बरोबर उलटं होतं, मागे चमकणारं पाणी असेल तर पक्षी काळाठिक्कर येतो. म्हणून नवीन मंडळींना एवढंच सांगतो की बगळा असेल तर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एकच्या आसपास ठेवा, पाणकावळा असेल तर अधिक करा, आणि एक फोटो काढून हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं दाखवणारा आलेख) बघा, उजवीकडच्या भिंतीला चिकटला असेल तर अजून कमी करा. ऊन स्थिर असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जातो, म्हणजे सगळे आकडे हाताने ठरवतो, ऊन चांगलं वर आलेलं असताना आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास पांढरी पिसं नीट येतात, मग पक्षी गडद झाडीसमोरून उडो की उजळ आभाळासमोरून, एक्स्पोजर हलत नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढलं तर सावलीतलं बरंच वर आणता येतं पण पूर्ण जळलेलं पांढरं परत येत नाही, ते गेलं ते गेलंच.

आता क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

एकदा पाण्याच्या काठी पोटावर झोपून मी पाऊण तास वाट बघितली होती. लहान बगळा स्वतःहून जवळ जवळ येत गेला, एक पाय पुढे टाकायचा आणि गाळात थरथर हलवायचा, तळाशी दडलेलं काही हललं की चोच मारायची. पाय उचलला की काळ्या तंगडीच्या टोकाला पिवळीधमक बोटं, त्यावरून पाण्याचे थेंब निथळत होते. तो फोटो एका ठिकाणी छापून आला तो गुडघ्यापासून खाली कापून, आणि खाली नाव होतं मध्यम बगळा. मला फार वाईट वाटलं, कारण लहान बगळ्याची मोठी ओळखच ती पिवळी बोटं, मध्यम बगळ्याचे पाय बोटांसकट काळे. पाय कापले की वाचकाला पक्षी ओळखायचा रस्ताच बंद होतो. पाण्यात उभ्या पक्ष्याचं प्रतिबिंबही अर्ध्यात तोडू नये, ठेवायचं तर पूर्ण ठेवा, आणि पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडे जास्त जागा सोडा.

दुसरं म्हणजे लांबून काढायचं आणि मग क्रॉप करून जवळ आणायचं ही सवय. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, त्यातला चौथा हिस्सा रुंदी आणि चौथा हिस्सा उंची ठेवली तर उरतात १५०० बाय १०००, म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेल, आणि हाताचा हलका धक्का, फोकसची चूक, नॉइज (फोटोतले बारीक दाणे) हे सगळंही तेवढंच मोठं होऊन दिसतं. मग तो फोटो शार्प करायला बसतात. स्लायडर ओढत नेला की चोचीभोवती आणि पाठीभोवती पांढरी कड उमटते, मागचं शांत पाणी वाळूसारखं खरखरीत होतं. शार्पनिंग फक्त पक्ष्यावर करावं, फोटो शेवटच्या साइजला आणल्यावर करावं, आणि तेही थोडंच.

खरी शार्पनेस काठावरच मिळते. फोकस डोळ्यावर पाहिजे. उभ्या पक्ष्याला १/५०० चालतं, उडणाऱ्याला १/२००० तरी द्या, त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल, नॉइज कमी करता येतो पण हललेला पक्षी स्थिर करता येत नाही. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते, तेव्हा कितीही भारी लेन्स असली तरी लांबचा पक्षी मऊच, म्हणजे धूसर येतो, त्यापेक्षा सकाळी लवकर जा. आणि उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून थव्यावर दगड मारणारे मी बघितलेत, जीव तुटतो. पाणपक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि उतरतात, वारा आपल्या पाठीवर घेऊन बसलं की ते समोरून येताना आपोआप मिळतात.

तुम्हाला विनंती एवढीच आहे की फोटोखाली शटर, आयएसओ आणि किती क्रॉप केलाय हे एका ओळीत छापा, नवीन लोक त्यातून खूप शिकतील. आणि जागा कमी पडली तर फोटो लहान करा, पण पाय राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक